टी-सात तळ्याचा पहिला नंबर

माझं एम.एस्सी. समुद्राच्या रंगावर झालं आणि समुद्र मी अजून पाहिलेला नाही. हे ऐकून लोक हसतात. खुशाल हसोत. अमरावतीत बसून समुद्र बघायची सोय आता झाली आहे. सातशे-आठशे किलोमीटरवरून उपग्रह फोटो काढतो, पाण्यावरून परत येणाऱ्या उजेडात निळा किती, हिरवा किती, तांबडा किती ते मोजतो, आणि त्यावरून पाण्यात शेवाळ किती, गाळ किती हे आपण कूलरसमोर बसून सांगायचं. पाय ओले व्हायचा प्रश्नच येत नाही.

आमच्या संस्थेचे प्रमुख देवानंद सर. समुद्राचा त्यांना फार लळा, पण समुद्रासाठी पैसे मिळेनात. तेव्हा त्यांनी तोच प्रकल्प गावतळ्यांसाठी मांडला. 'समुद्र' खोडलं, 'तलाव' लिहिलं, बाकी पानं तशीच ठेवली, आणि प्रकल्प मंजूर झाला. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतली साठ तळी, प्रत्येकाला एक नंबर, आणि ज्याचं पाणी सगळ्यात स्वच्छ त्याच्या सरपंचाला ढाल. सगळं वरून ठरणार, इथे कोणाचा वशिला चालणार नाही, असं सर प्रत्येक सभेत सांगायचे. मी त्यांची प्रकल्प सहायक, आकांक्षा. माझा करार अकरा-अकरा महिन्यांचा, त्यामुळे सर बोलायला लागले की माझी मान आपोआप डोलायची.

तरी एक काम वरून होत नाही. उपग्रहाने पाहिलेल्या रंगाचा अर्थ काय, हे ठरवायला त्याच दिवशी, त्याच वेळी खालचं पाणी बाटलीत भरून तपासावं लागतं. खरं तर साठ तळ्यांचं पाणी आणायला हवं होतं. सरांनी पाच ठरवली. पाचांवरून सूत्र बसवायचं, बाकीची पंचावन्न कॉम्प्युटर सांभाळेल. त्या पाचांतलं एक टी-सात, तेल्हारा तालुक्यातल्या एका गावाचं. गावाचं नाव सांगत नाही, बिचाऱ्यांनी आधीच पुष्कळ सोसलंय.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात मी अकोटला बस बदलून तिथे पोचले. तळ्याला लागून शेषराव आणि माणिकबाईंचा मळा. दोन एकरांत मेथी, पालक, सांबार म्हणजे आपली कोथिंबीर, आणि बांधावर झेंडू. हा सगळा खारपाणपट्टा. विहीर खणा नाहीतर बोअर मारा, पाणी खारटच लागतं, त्यावर भाजी टिकत नाही. म्हणून तळ्याच्या गोड्या पाण्यावरच त्यांचं सगळं चालायचं. दोन वर्षांपूर्वी गावात सिमेंटच्या नाल्या झाल्या, नारळ फुटले, फोटो निघाले, आणि तेव्हापासून अख्ख्या गावाचं सांडपाणी, संडासांसकट, तळ्यात येऊन पडायला लागलं.

"मेथी मस्त येते," माणिकबाई म्हणाल्या. "पन अकोल्याच्या बजारात अडत्या जुडी नाकाले लावते अन् वापस करते. म्हन्ते, बाई, हे मेथी हाय का मोरी? चार अर्ज देल्ले मी तालुक्याले, नाला दुसरीकडे वळवा म्हनून. साहेब म्हन्ते, पुरावा आना. आता तुमीच आनसान थो पुरावा."

"आणते मावशी," मी म्हटलं. मला ते खरंच सोपं वाटलं होतं.

शेषराव इस्त्रीचा पांढरा सदरा घालून उभे होते. ग्रामपंचायतीने सकाळीच म्हशी हाकलल्या होत्या, काठ झाडून घेतला होता, चुन्याची रेघ ओढली होती. वरून कोणी पाहणीला येतंय म्हटलं की आपल्याकडे जे जे करतात ते सगळं झालेलं होतं.

"साहेब किती वाजता येऊन राह्यले?" शेषरावांनी विचारलं.

"साहेब नाही काका, उपग्रह. पावणेअकराला डोक्यावरून जाईल."

"मंग चहा-पानी?"

"थो वरच्या वर चालला," माणिकबाई नवऱ्यावर खेकसल्या. "चहा का शिडी लावून देता त्याले?"

पावणेअकरा वाजले. वर नुसतं निळं आभाळ होतं आणि खाली काळं तळं. वास असा की मी ओढणीचे तीन वेढे नाकावर घेतले. नियमाप्रमाणे मला पाण्यात पाच मीटर आत जाऊन बाटली भरायची होती. खोटं कशाला बोलू, मला किळस आली. भुरक्या काचेची ती बाटली मी शेषरावांच्या हातात दिली आणि निंबाखाली बसून माणिकबाईंचा चहा प्यायले. शेषरावांना चांगला दीड तास लागला. बाटली कोरड्या फडक्यात गुंडाळून त्यांनी दोन्ही हातांनी माझ्याकडे दिली. मी ती बर्फाच्या डब्यात ठेवली आणि फॉर्मवर सही केली: नमुना मी स्वतः, काठापासून पाच मीटर आत जाऊन घेतला.

प्रयोगशाळेत पाणी निर्मळ निघालं. त्यात ना गाळ होता, ना शेवाळ. देवानंद सर जवळजवळ पळतच माझ्या टेबलाशी आले.

"आकांक्षा, फोटोत काळंभोर आणि बाटलीत स्वच्छ! अगं, खोल निर्मळ पाणी वरून काळंच दिसतं. अगदी समुद्रासारखं!"

 मला शंका आली का? आली. तो वास अजून ओढणीतून गेला नव्हता. पण फॉर्मवर सही माझी होती, म्हणून मी मान डोलावली.

बाकीच्या चार बाटल्या मातकट तळ्यांच्या होत्या, काळं तळं पाचांत हे एकच. सूत्र बसलं: काळं म्हणजे स्वच्छ. कॉम्प्युटरइतका आज्ञाधारक नोकर दुसरा नाही, त्याने एका दुपारीत साठ तळी निकालात काढली. ज्या तळ्यांत पावसाने शेतातली माती आणली होती, ज्यांचं गढूळ पाणी लोक सुखाने गाळून पीत होते, ती नकाशावर लाल झाली. ज्यांत गटारं सोडलेली होती अशी बारा तळी हिरवीगार, 'उत्कृष्ट'. टी-सातचा पहिला नंबर आला. अमरावतीत सभागृह भरलं, फेटे बांधले गेले, सरपंचाला ढाल मिळाली. भाषणात त्याने सगळं श्रेय सिमेंटच्या नाल्यांना दिलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

आठ दिवसांनी माणिकबाईंचा फोन आला.

"काय हो मॅडम, आमचं तळं पयलं आलं म्हन्ते?"

"हो, म्हणजे..."

"साहेबानं माहा अर्ज वापस केला. तुमचाच नकाशा जोडला त्याले. म्हन्ते, इतकं चांगलं पानी अन् तुमी गावाची बदनामी करून राह्यले. काल अडत्यानं पोतंच्या पोतं फेकून देल्लं. आता मेथी मोडून टाकतो आमी. त्याच्याशिवाय दुसरं काय येते आमाले? काहून केलं मॅडम असं?"

 दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने गेले आणि शेषरावांना विचारलं, त्या दिवशी बाटली कुठून भरली.

"तळ्यातूनच," ते म्हणाले. "बादलीभर पानी घरी नेलं. बाटली राखेनं घासली. पानी चौपदरी धोतरातून गाळलं, तुरटी फिरवली, गाळ खाली बसू देल्ला, मंग वरचं वरचं भरलं. अमरावतीले साहेबाच्या टेबलावर जानारं पानी, थे का घान देऊ? गावाले काही इज्जत हाय का नाई?"

"अहो काका, घाण आहे हेच तर दाखवायचं होतं!"

"थे तं त्यानं वरून पाह्यलंच ना," शेषराव शांतपणे म्हणाले. "बाटली म्हनजे आपली भेट."

माणिकबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. त्यानंतर त्या नवऱ्याला जे बोलल्या ते छापण्यासारखं नाही. मला मात्र शेषरावांचा राग येईना. दुसऱ्याला पाणी द्यायचं तर गाळून द्यायचं, ही त्यांची रीत होती आणि त्यांनी ती पाळली. माझी रीत पाण्यात उतरायची होती, आणि मी चहा पीत बसले होते. मला स्वतःची लाज वाटली.

अमरावतीला येऊन सरांना सगळं सांगितलं. सरांनी नकाशा टेबलावर पसरला.

"चूक बाटलीत आहे," ते म्हणाले. "नकाशात नाही."

"सर, नकाशा त्या बाटलीवरूनच काढलाय."

"मग काय ढाल परत मागायची? आणि तुझ्या सहीचं काय? खोटी सही म्हणजे करार संपला, समजतंय ना?"

संपू द्या, मी म्हटलं. आवाज चिरका निघाला, पण निघाला. त्याच दिवशी पत्र लिहिलं: टी-सातचा नमुना मी घेतलेला नाही, त्यावरून बसवलेलं सूत्र चूक आहे, बाराही तळ्यांचा निकाल रद्द समजावा.

सोमवारी पत्र घेऊन मी तालुक्याच्या त्या कार्यालयात गेले. माणिकबाई आधीच आल्या होत्या. त्यांच्यासोबत तेलाची पाच लिटरची कॅन होती, तळ्याच्या पाण्याने भरलेली. कॅन त्यांनी साहेबांच्या टेबलावर ठेवली, झाकण काढलं, ते पदराच्या टोकाला बांधलं आणि खुर्चीवर बसल्या. पाच मिनिटांत बाबू लोकांनी खिडक्या उघडल्या. दहा मिनिटांत अर्धं कार्यालय चहाला गेलं.

साहेबांनी नाकाला रुमाल लावून माझं पत्र वाचलं.

"मॅडम, उपग्रहाला वास येतो का?"

"नाही."

"मग मी हा वास कुठल्या रकान्यात भरू?" त्यांनी कॅनकडे पाहिलं आणि आवाज मऊ केला. "एक मार्ग आहे. पहिल्या आलेल्या तळ्याला सुशोभीकरणाचा निधी असतो. त्यात नाला वळवता येईल, आत्ता सही करतो. फक्त हे पत्र मागे घ्या. तळंच घाण ठरलं तर आम्ही शोभा कशाची वाढवायची?"

मला मोह झाला नाही असं म्हणणार नाही. मेथी वाचत होती, माझी नोकरी वाचत होती, सरांनी दिलेली ढालही वाचत होती. मी पत्राची घडी घालायला घेतली. माणिकबाईंना हळूच समजावून सांगितलं.

"अन् या कागदात बारा तळे लिवले म्हन्ता, त्यातले बाकीचे अकरा?" त्यांनी विचारलं.

"ती उत्कृष्टच राहतील. कागदावर."

त्यांनी पदराची गाठ चाचपली. हो म्हणाल्या असत्या तर मी त्यांना दोष दिला नसता, उलट मला सुटल्यासारखं झालं असतं.

"तठीबी कोनी मेथी लावत असन," त्या म्हणाल्या आणि साहेबांकडे वळल्या. "कागद ठेवून घ्या साहेब. आमचं तळं घान हाय. घान म्हनून लिवा अन् मंग नाला वळवा. तवर झाकन माह्यापाशी हाय."

"अहो बाई, फॉर्ममध्ये तीनच पर्याय आहेत. उत्कृष्ट, उत्तम, समाधानकारक. घाण असा पर्यायच नाही."

"मंग हातानं लिवा."

जेवणाची सुटी झाली. त्या दिवशी तिथे कोणाचाच डबा उघडला नाही. एका बाबूने दुरूनच हात जोडून सांगितलं, बाई, निदान अर्धं तरी झाकण लावा. माणिकबाई हलल्या नाहीत. सव्वातीन वाजता साहेबांनी पट्टी घेतली, तीन चौकटींखाली पेनाने चौथी चौकट आखली, तिच्यापुढे 'घाण' असं लिहिलं आणि बरोबरची खूण केली. खाली नाला वळवण्याचा आदेश लिहून शिक्का मारला. माणिकबाईंनी तो दोनदा माझ्याकडून वाचून घेतला, मगच पदराची गाठ सोडली.

माझा करार त्याच संध्याकाळी संपला. परतताना बसमध्ये मी रडले, ते दुःखाने की आनंदाने ते मला अजून सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उरलेल्या अकरा गावांपैकी पहिल्या गावाला फोन लावला. तिथे तळ्यालगत भाजी लावणाऱ्या दुर्गाबाई नावाच्या बाई बोलल्या. त्यांचं तळं उत्कृष्ट आल्याचं त्यांना कालच कळलं होतं, आणि नाला वळवण्याचा त्यांचाही अर्ज परत आला होता. मी त्यांना सांगितलं, पाच लिटरची कॅन भरून ठेवा, पाणी गाळू नका, आणि झाकण कोणाच्या हाती देऊ नका, मी येतेच आहे.