पाऊल उचलणारा स्नायू

मी एक जुना स्नायू आहे. जळकोटच्या चांगुणाबाईंच्या उजव्या नडगीला बाहेरच्या बाजूने चिकटून मी खाली उतरतो. माझे दोरीसारखे टोक घोट्यापुढून पावलाच्या आतल्या कडेला जाते. मी आखडलो की पाऊल वर उचलले जाते. मागची पोटरी ते खाली दाबते. मित्रांनो, लोक कौतुक करतात ते पोटरीचे. मी नसलो तर बोटे जमिनीला अडकतील, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

चांगुणाबाई पहिले पाऊल टाकू लागल्या तेव्हापासून मी दर पावलाला आखडत आलो.

बहात्तरच्या दुष्काळात त्या रस्त्याच्या कामावर खडी फोडू लागल्या. दिवसभर उकिडव्या बसून. मला हुकूम आणणारी नस गुडघ्याखाली बाहेरच्या हाडाला वळसा घालून येते. तिथे तिच्यावर जवळजवळ नुसती कातडीच असते. बसून बसून ती दबली, पायाला मुंग्या आल्या. कामावरच्या बायका करत तसेच चांगुणाबाईंनी केले. गुडघ्याखाली लुगड्याची चिंधी करकचून आवळली. नस आणखी दबली.

तिसऱ्या दिवशी हुकूम आला नाही. मला दुखले नाही. मी नुसता पडून राहिलो आणि पाऊल लोंबू लागले.

"चांगुणे, एक चप्पल कुठं हाय तुझी?" सोबतच्या मथुराबाईंनी विचारले.

चप्पल मागे रस्त्यात गळून पडली होती. पावलाला ते कळलेच नव्हते.

"आन् गुडघा का उचलतीस गं घोड्यावाणी? वरातीला निघालीस व्हय?"

"हळू बोल की! मुकादमानं ऐकलं तर घरी बसवंल. माझ्याबिगर कमावणारं कोण हाय घरात?"

मुकादम वीरप्पांनी ऐकलेच होते. "बाई, उमरग्याला जाऊन या. डॉक्टर हो म्हणला तरच हातोडा मिळंल."

उमरग्याच्या डॉक्टरांनी आधी चिंधी कापली. "ही परत बांधायची नाही. उकिडवं बसायचं नाही."

"मग खडी कशी फोडू, सायेब?"

"दगडावर बसा, पाय लांब ठेवा. अधूनमधून उठा. आणि रोज हातानं पाऊल वर करत जा."

तसे त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिले. ती वाचून वीरप्पांनी एक सपाट धोंडा दाखवला. "बसा राणीसाहेब." बायका हसल्या. चांगुणाबाई बसल्या.

सात आठवडे त्या पाऊल हाताने वर ढकलत राहिल्या. मी सुकत गेलो. एका दुपारी हुकूम आला, अगदी पुसट. मी आखडलो. पाऊल बोटभर उचलले गेले. त्यांनी त्यावर हात फिरवला. कातडीला अजून काही कळत नव्हते.

"उचललं," त्या मथुराबाईंना एवढेच म्हणाल्या आणि पुढचा दगड ओढला.

मित्रांनो, पाय बधिर झाला तर काही आवळून बांधू नका. उठून उभे राहा, पाऊल वर करून पाहा. उचलले नाही तर दवाखाना गाठा. आमची वाट पाहू नका. बधिर झालेला स्नायू हाक मारत नाही.