घुंगरांची काठी

तालुका वारसा दिनाची मिरवणूक नीट पार पडली, तर पोपटरावांना प्रांतसाहेबांशेजारची खुर्ची मिळणार होती आणि पाठोपाठ जिल्हा परिषदेचं तिकीट. एवढ्या लाभापायी ते भागुबाईच्या ओट्यावर टेकले होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला मावशी म्हणाले होते.

"मावशी, येसकराची काठी हाय ना घरात? मिरवणुकीच्या म्होरं पायजे. वारसा हाय आपला."

"आपला?" शेंगा निवडता निवडता भागुबाईनं विचारलं.

"म्हंजी, समद्या गावाचा."

काठी तिच्या सासऱ्याची. ती वाजवत म्हातारा गावचे सांगावे पोचवायचा आणि दारोदार भाकर मागायचा. धम्म घेतला त्या वर्षी घरानं ती खाली ठेवली, ती कायमची.

"न्या की. पर आमच्यातलं कुणी धरायचं न्हाई."

"धरंल कुणीबी."

"व्हय. कुणीबी धरू द्या."

बाई भांडली नाही, काही मागितलं नाही. यात कुठंतरी मेख असणार, असं पोपटरावांना वाटेभर वाटत राहिलं. पण नवा फेटा दाखवला की तिच्या आळीतला एखादा पोरगा तयार होईल, हा त्यांचा हिशेब होता.

मिरवणुकीच्या दिवशी भागुबाईच्या नातवानं, सम्राटनं, फेटा बांधून घेतला आणि हात पाठीमागं बांधले.

"काठी कोण घेतंय? उशीर होतोय," प्रांतसाहेब म्हणाले.

"द्या, मी घेतो," रविराज म्हणाला. पोपटरावांचा हा मुलगा पुण्याला इंजिनिअरिंगला होता. त्यानं काठी गंमत म्हणून खुळखुळवली.

पोपटरावांनी तोंड उघडलं. थांबवायचं तर कारण सांगावं लागलं असतं. साहेबांसमोर, माइक चालू असताना. त्यांनी ते मिटलं.

बाजारतळाजवळच्या ओट्यावर चांगदेवआप्पा बसले होते. नव्वदी उलटलेली, डोळ्यांनी अधू. घुंगरं कानी पडताच त्यांनी मान वर केली.

"काय सांगावा आणलास रं?"

"आज तालुक्याचा दिवस हाय, आप्पा," रविराज म्हणाला.

"बरं, थांब. भाकर आण गं."

सुनेनं भाकरी आप्पांच्या हातात दिली, मग मागं पोपटरावांना पाहिलं आणि आत वळली. आप्पांनी, पूर्वी येसकराला द्यायचे तशी, हात उंच धरून भाकरी वरून सोडली. रविराजनं ती ओंजळीत झेलली आणि हसून त्यांना नमस्कार केला.

गर्दीतली भागुबाई हसली नाही. तिनं पदर सारखा केला आणि नजर दुसरीकडं वळवली.

मांडव पंचायतीचा झाला, चहा सोसायटीचा, फेटे समितीचे. पोपटरावांना खुर्ची मिळाली. त्यांच्या घरचा वाटा, आप्पांची ती भाकरी, मांडवाच्या खांबाला टेकून रविराज चवीनं खात होता.