न्याहारीआधी आठ ट्रिपा

डॉक्टरीणबाईंनी आमच्या ह्यांना सांगितलं होतं: रोज अर्धा तास चाला, नाचणी, भाजी, ताक पोटात जाऊ द्या, आणि मला विचारल्याशिवाय अँटिबायोटिक घेऊ नका. ह्यांच्या कॅन्सरवरचं इंजेक्शन शरीरातल्या, रोगाशी लढणाऱ्या शिपायांना जागं करतं आणि आतड्यातले काही जंतू त्या शिपायांना हात देतात, म्हणे. चालण्याने ते जंतू जास्त कामाचे होतात असं उंदरांत दिसलंय. माणसांचं अजून शोधताहेत.

"म्हणजे मी उंदीर," आमचे हे म्हणाले.

आमचे हे, गोकुळदास. गोव्यात डिचोलीच्या खाणींवर सत्तावीस वर्षं ट्रक चालवला. तिथे दिवस ट्रिपांत मोजायचा, म्हणून चालणंही ट्रिपांत. आमच्या फाटकापासून ट्रकांच्या बंद पडलेल्या वजनकाट्यापर्यंत जाऊन आलं की एक. अर्ध्या तासात दोन बसतात. हे न्याहारीआधी आठ मारायचे.

"अहो, सावकाश."

"सावकाश गेल्यार दुसरो पुढे जाता."

रस्त्यावर दुसरं कुणीच नसायचं.

पुढच्या इंजेक्शनच्या आदल्या दिवशी त्यांचा शर्ट धुवायला घेतला, तर खिशात गोळ्यांची रिकामी पट्टी. नाव मोबाइलवर शोधलं. अँटिबायोटिक. कॉलरला साबण लावला, घासली, शर्ट पिळून वाळत घातला. मग आत गेले.

"ही खयची पट्टी?"

त्यांनी मोजा काढला. चालून चालून टाचेला आलेला फोड पिकला होता. वर कापूस चिकटलेला. "शिवदासान दिल्यान. पाच दिवसांचो कोर्स."

शिवदास मेडिकलवाला. ट्रक उभा राहू नये म्हणून ड्रायव्हरांना वर्षानुवर्षं चिठ्ठीशिवाय गोळ्या देत आलेला.

"माका इचारूचा नाय?"

"इचारलं असतंय तर तू चलूक दिलं नसतंस."

खरं होतं. हे जंतूंसाठी चालले, आणि चालता यावं म्हणून जंतूंवरच औषध घातलं. दुसऱ्या कुणाचा नवरा असता तर मी हसले असते.

"बाईंका सांगू नको गो. म्हणतली, म्हाताऱ्यान सगळा औषध फुकट घालवल्यान."

मी नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन त्यांच्या हातात दिला. ते उठून उभे राहिले. ट्रक कलंडल्यावर मालकाशी बोलावं तसं सगळं सांगितलं, एकही शब्द न लपवता.

"पाय पिकला होता तर गोळी कदाचित लागलीच असती," बाई म्हणाल्या. "पण कुठली आणि किती, ते मला ठरवू द्यायचं होतं. उद्या या. आधी पाय बघते, मग इंजेक्शनचं."

"माझे जंतू मेले?"

"काही गेले असतील."

"परत येतात?"

"बहुतेकांचे येतात, हळूहळू. औषधावर किती फरक पडेल, ते आज नाही सांगता येणार."

फोन ठेवून ते खुर्चीत बसले. मी कोमट पाणी आणलं, खाली बसून त्यांचा पाय मांडीवर घेतला आणि चिकटलेला कापूस भिजवून सोडवायला लागले.

"दुखता?"

इतके दिवस हा माणूस या टाचेवर चालत होता, आणि मी समोर नाचणीची भाकरी वाढत होते.

"आता दुखता," ते म्हणाले. पाय मात्र मागे घेतला नाही.