क्रीगर बाईंच्या वर्गातलं स्टूल

मी एक लाकडी स्टूल बोलतोय. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहराच्या उत्तर भागातल्या एका शाळेत, सातवीच्या गणिताच्या वर्गात मी राहतो. माझा जन्मही याच शाळेचा. तळघरातल्या सुतारकामाच्या वर्गात आठवीच्या मुलांनी मला घडवलं. पुढे तो वर्ग बंद पडला आणि मी वरच्या मजल्यावर आलो.

इथली बहुतेक मुलं कृष्णवर्णीय. बोलकी, हजरजबाबी आणि माणूस ओळखण्यात पटाईत.

ग्रेटा क्रीगर बाई इथे आल्या तेव्हा नुकत्याच शिक्षिका झाल्या होत्या. खेड्यात वाढलेल्या, गोऱ्या, लाजाळू. गणितात हुशार, पण वर्गात शिरल्या की टेबलामागे जाऊन उभ्या राहत, त्या घंटा होईपर्यंत तिथेच. माझ्यावर त्यांचा कोट पडलेला असे. मुलांना त्या अगदी सोपी गणितं घालत, आणि उत्तर चुकलं तरी "छान, छान" म्हणत.

एक दिवस केझाया बेलमी नावाच्या मुलीने विचारलं, "मिस, तुम्हाला भीती कशाची वाटते? गणिताची की आमची?"

वर्ग खदखदून हसला. बाईंचे कान लाल झाले.

शाळा सुटल्यावर समोरच्या वर्गातल्या ओडेसा प्रूइट बाई आल्या. त्याच वस्तीत वाढलेल्या, याच शाळेत शिकवता शिकवता केस पिकलेल्या. त्यांनी कोट उचलून बाजूला ठेवला आणि माझ्यावर ऐसपैस बसल्या.

"माझ्याच्याने नाही होणार हे," क्रीगर बाई म्हणाल्या. "नाताळनंतर मी येत नाही. या मुलांना माझ्यापेक्षा चांगलं कुणीतरी मिळायला हवं."

"आण की मग. कुठे ठेवलंय ते कुणीतरी?"

क्रीगर बाईंनी पाठ फिरवून फळा पुसायला घेतला.

"हे बघ पोरी, आपल्याला कुणी कच्चं समजतंय हे मुलांना लगेच कळतं. तू सोपं देतेस, त्याचा त्यांना राग येतो. अवघड दे. आणि दिल्यावर तोंड मिटून बस."

"नाही जमलं त्यांना तर?"

"तर दुसऱ्या दिवशी पुन्हा दे."

दुसऱ्या दिवशी बाईंनी फळ्यावर लिहिलं : या वर्गातल्या प्रत्येकाने दुसऱ्या प्रत्येकाशी एकदाच हात मिळवला, तर एकूण किती वेळा हात मिळवले जातील?

मग त्यांनी मला ओढत वर्गाच्या मधोमध आणलं आणि माझ्यावर बसल्या. दोन्ही हातांनी त्यांनी माझी कड घट्ट धरून ठेवली होती. ते मला कळलं, मुलांना नाही.

मुलं वहीत आकडे मांडत होती, खोडत होती, पण उत्तर येईना. बाई शेवटी उठल्या आणि डस्टर घेऊन फळ्याकडे निघाल्या.

"पुसू नका," केझाया म्हणाली. "आम्ही करतोय ना."

बाई परत येऊन बसल्या. मार्क्वेल नावाचा दांडगोबा उठला आणि पुढाऱ्यासारखा एकेकाचा हात हलवत सुटला. पाठोपाठ सगळेच उठले. भलताच गोंधळ झाला, मोजणी पार बिघडली.

"अरे बसा सगळे," केझाया ओरडली. "आधी तिघांचंच बघू."

मग चौघांचं झालं, मग पाचांचं. "पहिला सगळ्यांना भेटतो," ती सावकाश म्हणाली, "दुसऱ्याला एक जण कमी, कारण पहिल्याला तो भेटून झालाय..."

"आणि तिसऱ्याला आणखी एक कमी!" मार्क्वेलने टेबलावर थाप मारली. "एवढंच होय? मिस, हे तुम्ही महिनाभर कुठे लपवून ठेवलं होतं?"

"माझ्याकडेच," बाई म्हणाल्या. "चुकलं माझं."

घंटा झाली तरी निम्मी मुलं फळ्याशी भांडत होती. दारात प्रूइट बाई उभ्या होत्या. "मग? नाताळनंतर कोण येणार?"

"मीच," क्रीगर बाई म्हणाल्या. "पण उद्या काय देऊ, ते आधी सांगा."

याला आता पुष्कळ वर्षं झाली. प्रूइट बाई निवृत्त झाल्या. क्रीगर बाई आता इतकं अवघड देतात, की मुलं घरी जाऊन आईबापांची झोप उडवतात. माझी एक आडवी पट्टी मोडली आहे आणि मला अडगळीत टाकायचं शिपाईमामांच्या मनात आहे.

पण माझी एक विनंती आहे. समोरच्या वर्गात एक नवे सर आलेत. त्यांना सगळं येतं, तरी ते टेबलामागून हलत नाहीत. टाकायचं तर मला खुशाल अडगळीत टाका. पण त्याआधी एकदा मला त्यांच्या मुलांच्या मधोमध नेऊन ठेवा.