डिकीतल्या दोन ट्यूब आणि प्रिस्काचे डोळे

अरे ऐक ना, ऐक! हातातलं ठेव खाली आणि आधी हे ऐक. आत्ता, होऊन अर्धा तास पण झाला नसेल, माणिकपूरच्या एका बिल्डिंगच्या गेटवर मी काय करून बसलोय! चांगलं केलं की वाट लावली, माझं मलाच कळेना झालंय.

मी सनस्क्रीन बोलतोय. केमिकल सनस्क्रीन, जेलवाला. पन्नास ग्रॅमची निळी ट्यूब, त्यातला अर्धा संपलोय. 'केमिकल' ऐकून लगेच तोंड वाकडं करू नको हां. माझ्यात जे काही विरघळलंय ते ऊन पितं आणि त्याची ऊब करून सोडून देतं, बस. मी पाण्यासारखा पसरतो, वास एकदम फ्रेश, आणि मेन गोष्ट म्हणजे लावल्यावर दिसत नाही. माझा सगळा रुबाब त्या न दिसण्यावरच.

जन्म कुठल्या तरी कारखान्यातल्या भल्यामोठ्या स्टीलच्या भांड्यात झाला, त्यातलं एक घुसळणं आठवतं, बाकी काही नाही. खरं आयुष्य सुरू झालं ते माणिकपूरच्या मेडिकलमध्ये, काउंटरमागच्या तिसऱ्या फळीवर. तिथे बसून माणसं बघायची. नव्वद टक्के माणसं एकच विचारायची, "याने गोरं होतं का हो?" मेडिकलवाले काका मान अशी हलवायचे की हो पण नाही आणि नाही पण नाही. उन्हाने कातडी भाजते हे कुणी विचारायचंच नाही. विचारलं ते फक्त प्रिस्काने.

प्रिस्का म्हणजे माझी मालकीण. तेवीस वर्षांची, निर्मळजवळच्या गावात राहते, लॅबसाठी घरोघरी जाऊन लोकांचं रक्त काढते. स्कूटरच्या पायापाशी बर्फाचा डबा, अंगात पांढरा एप्रन, आणि सकाळी सहापासून दुपारपर्यंत भटकंती. चेहऱ्यावरच्या मुरुमांसाठी तिला डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात. त्या गोळ्या चालू असताना ऊन जरा जास्तच चावतं. सनस्क्रीनशिवाय बाहेर पडली तर तासाभरात गाल टोमॅटो.

"काका, न दिसणारं द्या," ती म्हणाली. "ते पांढरं होणारं आहे माझ्याकडे. लोक हसतात."

काकांनी मला काढून तिच्या हातात दिलं. मी खूश! मला काय माहीत, डिकीत कोण बसलंय.

डिकीत झिंकदादा बसला होता. मिनरल सनस्क्रीन. डॉक्टरांनी लिहून दिलेला तो, मी नाही. जाडजूड, हळू बोलणारा, पोटात जस्ताची पांढरी भुकटी.

"ये," तो म्हणाला. "पाय पसरून बस. इथे दुपारी भट्टी होते."

"मग तुला का बाजूला टाकलं रे तिने?"

"मी दिसतो म्हणून."

मग सगळं सांगितलं त्याने. माणिकपूरला आत्माराम काका म्हणून एक पेशंट आहेत, रिटायर्ड, शुगरवाले. दर महिन्याला दोनदा रक्त, उपाशीपोटी एकदा आणि खाऊन दोन तासांनी एकदा. प्रिस्काच्या सावळ्या चेहऱ्यावर झिंकदादाचे पांढरे पट्टे बघून ते म्हणाले होते, "काय गं, पिठाच्या गिरणीतून आलीस का थेट?" घरातली सगळी हसली. प्रिस्कापण हसली, पण खाली येऊन तिने स्कूटरच्या आरशात बघत रुमालाने तोंड असं घासलं की गाल लाल झाला. तिचे साहेब, हर्षवर्धन सर, त्यांच्याही कानावर गेलं. ते म्हणाले, "पेशंटसमोर जरा नीटनेटकं राहायचं."

मी झिंकदादाला जाम चिडवलं तेव्हा. "बघ, मी कसा मुरतो! तू भिंतीला चुना मारल्यासारखा!"

"मुर," तो म्हणाला. "पण मुरायला तुला पंधरा-वीस मिनिटं लागतात. मी लावल्या लावल्या कामाला लागतो. आणि घाम आला की बघ, कोण कुठे उतरतो ते."

मी ऐकलं नाही. नवीन होतो ना.

एक सांगू? डिकीत राहणं म्हणजे डोक्याला शॉट. माझ्या पाठीवर छापलंय, थंड आणि कोरड्या जागी ठेवा. पुढे रक्ताच्या नळ्या मस्त बर्फात, आणि मागे आम्ही दोघं तापलेल्या पत्र्यात. झिंकदादाचं तेल वर आलं, खाली चिखल. मी पार पातळ झालो. प्रिस्काला कुणी सांगितलंच नाही की रक्तासारखंच आम्हालाही ऊन बाधतं. सांगणार कोण?

आणि मग ते झालं. ऑक्टोबरचं ऊन, लिफ्ट बंद, चौथा मजला. पेशंट एक बाई. प्रिस्काने खालीच मला घाईत फासलं होतं, मुरायला वेळच नाही. जिना चढताना घाम सुटला, आणि घामाबरोबर मी निघालो. कपाळावरून भुवईत, भुवईतून सरळ डोळ्यात. शपथ सांगतो, थांबायचा प्रयत्न केला. पण पातळ झालेल्याला कसलं आलंय थांबणं!

तिचे दोन्ही डोळे झोंबायला लागले. सुई आत होती. तिने खांद्याला डोळा पुसला, हात हलला. त्या बाईंचा दंड दुसऱ्या दिवशी काळानिळा. तक्रार.

तुला ती तक्रारीची भानगड माहीत नाही ना? प्रिस्का सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर आहे. तीन तक्रारी आल्या की कायम करत नाहीत. पहिली पंक्चरमुळे उशीर झाला म्हणून आली होती. दुसरी ही. माझी.

आणि मजा बघ, म्हणजे मजा कसली, माझ्यावर कुणाचा संशयच नाही. त्या दिवशी घरी गेल्यावर ती आईला म्हणाली, "आई, माझे डोळे जातायत का गं?" मी तिच्या एप्रनच्या खिशात होतो, सगळं ऐकलं. तिची आई, सेलिन, दिवसभर बागेत मोगरा खुडणारी बाई. डोक्याला टॉवेल गुंडाळला की तिचं सनस्क्रीन झालं.

"मोबाईल कमी बघ, बाय," सेलिन म्हणाली. "आणि जरा झोपत जा."

"झोपते गं! सुई धरली की डोळ्यांतून पाणी येतं. डोळे गेले तर मी काय करू? मला दुसरं काय येतं?"

"चष्मेवाल्याकडे जा बघू उद्या."

गेली. नंबर शून्य. मग गुलाबपाणी, मग थेंब, मग हेल्मेट बदललं. सगळं बदललं, मला सोडून. दिसतच नाही ना मी! झिंकदादा दिसतो म्हणून बोलणी खातो, आणि मी दिसत नाही म्हणून सुटतो. परत डिकीत गेल्यावर मी झिंकदादाला चिडवणं बंद केलं. तो मला एकदा रागावला असता तर बरं झालं असतं.

आता आजचं ऐक.

प्रोबेशनची शेवटची तपासणी. हर्षवर्धन सर स्वतः सोबत येणार, तिचं काम बघणार, फॉर्म भरणार. आणि पेशंट कोण? आत्माराम काका! त्यांच्या शिरा म्हणजे सुई दिसली की पळणाऱ्या. नियम असा की दोनदा टोचून रक्त आलं नाही तर तिसऱ्यांदा टोचायचं नाही, दुसऱ्या कुणाला बोलवायचं. तसं झालं असतं तर नोकरीचा विषयच संपला असता.

अकरा वाजून गेलेले. सर वर गेले होते. गेटवर तिने डिकी उघडली, सकाळचं लावलेलं उतरलं होतं, परत लावायला हवंच होतं. मी आणि झिंकदादा, दोघं तिच्याकडे बघतोय. तिने मला उचललं. झाकण उघडलं. दाबलं.

मला वरचे तीन मजले दिसत होते. त्या बाईंकडचा तो जिना आठवत होता, तो घाम, ती भुवई, ते डोळे, ती सुई. इथेही लिफ्टवर 'बंद' लिहिलेला कागद.

मी आलो नाही.

तोंडाशी हवेचा बुडबुडा धरून आत चिकटून बसलो. फुस्स. तिने तळहातावर आपटलं. फुस्स. "काय यार, आजच?" ती म्हणाली. घड्याळ बघितलं. मला एप्रनच्या खिशात कोंबलं आणि झिंकदादाला उचललं. तो आला बिचारा, अर्धं तेल, अर्धा चिखल. तिने भराभर चोळलं. कानापाशी एक पट्टा राहिला, भुवईवर एक.

वर दार उघडताच काका ओरडले, "आली! गिरणी आली!"

खिशात मी डोळे मिटले. म्हणजे असते तर मिटले असते.

"काका, हात द्या," प्रिस्का म्हणाली.

"दे गं, पण ते पीठ माझ्या हातावर सांडू नको."

दंडाला पट्टा बांधल्याचा आवाज. मूठ मिटा, काका. भाई, खिशात मी घामाची वाट बघत होतो. घाम आलाच. भुवईपर्यंत आला आणि पांढऱ्या पट्ट्यावर अडला. झिंकदादा हलला नाही. तिचे डोळे कोरडे, उघडे, शिरेवर. एकच टोचणी. एकच! रक्त नळीत.

"झालं?" काका म्हणाले. "कळलं पण नाही की मला."

"झालं, काका. कापूस दाबून धरा."

मी खिशात नाचत होतो! जमलं, जमलं! आणि मग जिन्यात सर थांबले.

"हात छान आहे तुझा," ते म्हणाले. "मी इतक्या मुली बघितल्या, या काकांचं एका टोचणीत कुणीच काढलं नाही."

"थँक्यू, सर."

"पण हे तोंड, प्रिस्का. मी एकदा सांगितलं होतं. आज माझ्यासमोर पेशंट बोलला. मला लिहावं लागणार."

"सर, ते गोळ्यांमुळे लावावं लागतं. दुसरं होतं माझ्याकडे, ते निघालंच नाही ट्यूबमधून."

"मी तिसरी तक्रार धरत नाही. पण कायमचं पत्र आत्ता नाही देता येणार. तीन महिने वाढवतो. तोपर्यंत हे पांढरं दिसता कामा नये."

ती जिना उतरली. गेटवर आली. ओल्या रुमालाने तोंड पुसलं, कानामागूनसुद्धा. मग डिकीतून झिंकदादाला काढलं आणि बिल्डिंगच्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं. ज्याने तिचे डोळे सांभाळले, त्याला! तो जाताना एवढंच म्हणाला, "तुझं काही चुकलं नाही रे." त्यानेच मला जास्त लागलं.

मी ओरडलो असतो, अगं दोघांना ठेव! भुवईला आणि डोळ्यांच्या भोवती त्याला लाव थोडासा, नीट पसरव, बाकी गालाला मला. आम्हाला घरात सावलीत ठेव, निघायच्या वीस मिनिटं आधी लाव. भांडण आमच्यात नाहीच आहे! पण ट्यूबला तोंड असून बोलता येत नाही. बाहेर येता येतं किंवा आत राहता येतं, एवढंच आपल्या हातात.

आता ती स्कूटरवर बसलीये. पुढचा पेशंट निर्मळला, ऊन डोक्यावर आलंय. सेलिनला फोन करून तिने "तीन महिने वाढवले" एवढंच सांगितलं, झिंकदादाचं काहीच नाही. आणि आता माझं झाकण उघडलंय. तिने पिनने माझं तोंड साफ केलंय, बुडबुडा गेला. दोन बोटांत मला धरलंय. आलो तर ते डोळे, नाही आलो तर ते गाल.

बघ, अंगठा दाबला जातोय. पुढचं पुढे. पण मघाशी, त्या गेटवर, लिफ्ट बंद असताना, माझ्या जागी तू काय केलं असतंस?