न पाहिलेले पाठ

मी पाठनिरीक्षणाची वही बोलतेय. तोंड असतं तर आधी थुंकले असते, मग बोलले असते.

शिरूरच्या बी.एड. कॉलेजातल्या मच्छिंद्र सरांनी मला विकत घेतलं. दौंडच्या कॉलेजातल्या सविता मॅडमांबरोबर त्यांनी संशोधन ठरवलं होतं. होणारे शिक्षक सरावपाठ घेतात, तेव्हा मागच्या बाकावरच्या दोन प्राध्यापकांना एकच वर्ग दिसतो का? मॅडमांनी माझ्या प्रत्येक पानावर मधोमध रेघ आखली. पाठ संपला की सर डावीकडे लिहायचे, पान रेघेवर दुमडायचे आणि मला मॅडमांकडे सरकवायचे. एकमेकांचं वाचायचं ते नंतर.

पहिला पाठ मांडवगण फराट्याच्या शाळेत. धनश्री नावाच्या विद्यार्थिनीने भाकरी मोडून अपूर्णांक शिकवले. सरांनी लिहिलं, ‘वर्ग शांत, नियंत्रण उत्तम.’ मॅडमांनी लिहिलं, ‘मुलं घाबरलेली. एकानेही प्रश्न विचारला नाही.’ पान उलगडलं आणि दोघं शाळेच्या ओट्यावर तासभर भांडली. किती छान भांडली! असे तेरा पाठ झाले.

मग ज्या परिषदेत निबंध मांडायचा, तिची तारीख जवळ आली. पाठ वीस हवे होते. सरांनी स्टाफरूममध्ये बसून चहात बिस्किट बुडवत सात पाठ लिहून काढले, दोन्ही बाजूंचे. उजवीकडे अक्षर जरा तिरकं, मॅडमांचं वाटावं म्हणून. बिस्किटाचा ओला चुरा माझ्या शिवणीत अडकला, पण घाण वाटली ती त्या अक्षरांचीच.

चहा देणाऱ्या कुशाबाई म्हणाल्या, “सर, हितं बसून मांडवगणचा वर्ग दिसतूय व्हय? लई लांबची नजर हाय तुमची!”

“मावशी, रिसर्च आहे हा.”

“आसंल. आमच्यात ह्याला थापा म्हणत्यात.”

सविता मॅडम निबंधावर सही करायला शिरूरला आल्या. त्यांची बढती याच एका शोधनिबंधावर अडली होती. पानं उलटता उलटता त्या थांबल्या.

“सर, चौदाव्या पाठापासून आपलं एकदाही भांडण नाही?”

“तुमचा हेलपाटा वाचवला. तुमचं मीच भरलं. आणि आमच्या प्राचार्यांचंही नाव टाकू, तेही खूश.”

“ते कधी वर्गात बसले?”

“मॅडम, अहो, सगळे असंच करतात. सहकार्य म्हणायचं याला.”

दुधात माशी दिसावी तसा मॅडमांचा चेहरा झाला. “जे मी पाहिलंच नाही, ते माझ्या डोळ्यांवर खपवताय? तेराच पाठांचा निबंध पाठवा.”

“तेरावर कोण घेतंय? बढती नको का तुम्हाला?”

मॅडमांनी मला स्वतःकडे ओढलं. लाल पेनाने सातही पानांवर लिहिलं, ‘हा पाठ मी पाहिलेला नाही.’ खाली सही केली आणि मला पिशवीत घालून दौंडला आणलं.

निबंध छापून आलाच, सर आणि प्राचार्य या दोघांच्या नावाने. त्यात लिहिलंय, ‘दोन्ही निरीक्षकांत पूर्ण एकमत आढळले.’ मॅडमांनी ते वाक्य वाचलं आणि उठून साबणाने हात धुतले.

आता मी त्यांच्या टेबलाच्या खणात आहे. बढती दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. माझी बरीच पानं कोरी आहेत. खरोखर वर्गात जाऊन बसणारे दोघं मिळाले, तर त्यांच्या हाती द्या मला. नाही मिळाले, तर कोरीच राहू द्या. ते परवडेल.