हळदीच्या फडक्यावरचा अणू

डोंबिवलीतल्या एका मंगल कार्यालयाबाहेर चपलांचा ढीग पडला होता आणि आत तेजोनाथ महाराज लोकांच्या अंगातला अणू शोधत होते. १९८६ सालचा मे महिना. सोव्हिएत संघात चेर्नोबिलची अणुभट्टी फुटल्याच्या बातम्या रोज पेपरात येत होत्या. घाबरलेली माणसं जमली की तिथे पोचायला महाराजांना पत्ता विचारावा लागत नाही.

"युरेनियम शब्द आपलाच," महाराज सांगत होते. "ऊर आणि नियम. उराचा नियम मोडला की अणूचा असुर आत शिरतो."

यावर बँकांतून, कचेऱ्यांतून निवृत्त झालेले पदवीधर माना डोलावत होते. शिकलेलं सगळं त्यांनी बहुधा चपलांबरोबर बाहेर काढून ठेवलं होतं.

महाराज प्रत्येकाला आधी विचारत, राहता कुठे? मग त्याच्या ओल्या तळहाताला अंगारा चोळून तो हात हळदीच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यावर दाबत. डोंबिवलीकरांचे पंजे पिवळेच राहिले. हेमाचा मात्र लालभडक उमटला.

हेमा ही त्र्यंबकराव गोखल्यांची मुलगी. नवरा किनाऱ्यावरच्या अणुवीज केंद्रात नोकरीला, राहायला तिथल्याच वसाहतीत. चौथा महिना लागला म्हणून ती माहेरी आली होती. महाराजांनी डोळे मिटून सांगितलं, गर्भात असुर वाढतोय, त्याला जन्माला येऊ देऊ नका.

दुसऱ्या दिवशी त्र्यंबकराव मुलीला घेऊन डॉक्टर सुमती दात्यांकडे गेले. गर्भ पाडून टाका, म्हणाले. डॉक्टरांनी हेमाला तपासलं. काही वावगं नव्हतं. तरी त्र्यंबकराव लाल पंज्याबद्दल असं सांगत होते, जणू प्रयोगशाळेचा अहवालच आणलाय. निघताना हेमाने एवढंच विचारलं, "बाळ नीट असेल ना हो?"

डॉक्टरांनी वाद घातला नाही. थोडं थांबा म्हणाल्या आणि त्याच संध्याकाळी दोघांनाही घेऊन महाराजांकडे गेल्या. बरोबर त्यांच्या दवाखान्यातली नर्स गोदा होती. गोदा जन्माने कल्याणची, ते केंद्र तिने कधी लांबूनही पाहिलं नव्हतं. शिकवल्याप्रमाणे तिने महाराजांना सांगितलं, मी केंद्राच्या वसाहतीत राहते. पंजा लाल आला. मग डॉक्टर पुढे झाल्या. केंद्राजवळच्या सरकारी दवाखान्यात त्यांनी काही वर्षं काढली होती, पण महाराजांना त्या फक्त डोंबिवली म्हणाल्या. पंजा पिवळा.

केंद्राजवळ खरं कोण राहिलं होतं, हे डॉक्टरांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं आणि महाराजांच्या पाटाखालून अंगाऱ्याच्या दोन डब्या बाहेर काढल्या. एकीत नुसती टाल्कम पावडर होती, दुसरीत चुना मिसळलेली. हळदीला चुना लागला की ती लाल होते. घरोघरी कुंकू असंच करत आले आहेत. त्र्यंबकरावांच्याच पानाच्या डब्यातला चुना डॉक्टरांनी फडक्यावर फासला. तिथे लाल डाग पसरला.

"त्र्यंबकराव," त्या म्हणाल्या, "या चुन्यावरून तुम्ही नातवंड मारायला निघाला होतात."

त्र्यंबकरावांनी हेमाचा हात धरून तिला फडक्यापासून दूर नेलं. महाराजांची तेवढ्यात ध्यानाची वेळ झाली आणि ते भटारखान्याच्या दाराने निघून गेले. डॉक्टरांच्या अहंकारामुळे महाराजांची शक्ती गेली, असं काही भक्त पुढेही सांगत राहिले. चुन्याचा इलाज हळदीवर चालतो, असल्या डोक्यांवर नाही.

बाहेर आल्यावर हेमाने विचारलं, "मग तिथे राहण्यात धोका नाही ना?"

"ते मला माहीत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "हवेपाण्याची मोजणी काय सांगते, अपघात झालाच तर तुम्हाला कुठे हलवणार, हे केंद्राला विचार. उत्तर पटलं नाही तर पुन्हा विचार. तपासणीत तुझं बाळ आज ठीक आहे, तेवढं मी सांगू शकते."

हेमा तिथेच रस्त्यावर रडली.

ती परत गेली आणि वसाहतीतल्या बायकांना घेऊन खरोखरच विचारत राहिली. काही उत्तरं मिळाली, काहींसाठी खेपा घालाव्या लागल्या. पुढे तिला धडधाकट मुलगी झाली. एका मुलीवरून केंद्र निर्धोक ठरत नाही, हे हेमा स्वतःच सर्वांना बजावते.

भिण्यात मूर्खपणा नाही. अणूला माणसाने भ्यावंच. पण ज्याची भीती वाटते ते मोजायला सांगा, आकडे मागा, ते जाणकाराकडून तपासून घ्या. आणि आकड्यांऐवजी अंगारा पुढे करणारा भेटला, तर आपला हात त्याच्या हाती देऊ नका.